माझ्या मुलीची आत्या

शनिवार होता, म्हणजे सकाळची शाळा. परिपाठ चालू होता, मुलं रांगेत उभी होती, प्रतिज्ञा संपत आली होती आणि तेवढ्यात पर्समधला फोन थरथरायला लागला. माझ्या मुलीच्या, पल्लवीच्या, बाबांचा होता. शाळेच्या वेळात ते कधी फोन करत नाहीत, म्हणून व्हरांड्यात जाऊन घेतला. "ताई गेली," एवढंच म्हणाले ते... कडावच्या घरी, झोपेतच. शेजारची बाई दूध द्यायला आली, तिनं हाका मारल्या, मग मागच्या दारानं आत जाऊन पाहिलं. मी विचारलं, "पल्लवीला कसं सांगायचं? बाळ अंगावर पितंय अजून तिचं." ते म्हणाले, "तिनंच मला सांगितलं. शेजारणीनं पहिला फोन तिलाच केला." शालिनीताईंनी फोनजवळच्या भिंतीवर खडूनं चार नंबर लिहून ठेवले होते. पहिला पल्लवीचा, दुसरा भावाचा, तिसरा आरोग्य केंद्राचा आणि चौथा माझा. नणंद गेल्याची बातमी कानावर पडून मिनिट झालं नव्हतं आणि माझ्या मनात काय आलं, ते लिहायला लाज वाटते. पहिला फोन तिला! आजही पहिला तिलाच.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला कडावचा मांडव माणसांनी भरून गेला होता. खालापूर तालुक्यातल्या कुठल्या कुठल्या वाड्यांवरून बायका आल्या होत्या. कुणी उभं राहून सांगत होतं, सिस्टरनी माझी सून वाचवली. कुणी कडेवरचं पोर पुढं करून सांगत होतं, हा त्यांच्या हातावर झाला. माझ्याकडे माइक आला तेव्हा मी घसा बसलाय म्हणून सांगितलं. घसा ठणठणीत होता. पण एवढ्या कृतज्ञ माणसांत उभं राहून, 'मी या बाईचा अठ्ठावीस वर्षं हेवा केला,' असं कसं म्हणणार? आता पाच आठवडे झाले. ते न बोललेलं आतल्या आत आंबट होत चाललंय, म्हणून लिहिते आहे.

शालिनीताई माझी थोरली नणंद. सासू-सासरे लवकर गेले, तेव्हा भाऊ आठवीत आणि ही नुकती नर्सच्या नोकरीला लागलेली. भावाला तिनं वाढवलं, शिकवलं, भिवपुरीच्या वीजकेंद्रात चिकटवलं, आणि स्वतः लग्न केलं नाही. साजगावकडच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या खोल्यांपासून डोंगरावरच्या वाड्यांपर्यंत ती पायपीट करायची. उंच, काटक, खणखणीत आवाजाची. डॉक्टरांशी बोलताना प्रमाण भाषा, बाकी जगाशी 'हाय' आणि 'नाय'. लग्न होऊन मी आले तेव्हा मास्तरीण होते, थोडी आढ्यताखोरही असेन. पहिल्याच दिवशी माझ्या भाकरीकडे बघून म्हणाली, "जमंल, जमंल. कडेला जाड हाय जरा." बरोबरच होतं तिचं. तिचं बहुतेक वेळा बरोबरच असायचं आणि त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

पल्लवीच्या वेळी माझा आठव्या महिन्यात रक्तदाब वाढला. पाय सुजले, डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. आधी ओळखलं ते शालिनीताईंनी. माझा चेहरा बघून तिनं पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही, तशीच मला गाडीत घालून घेऊन गेली. सिझर झालं. पुढचा दीड दिवस मी शुद्धीत आणि बेशुद्धीत येत-जात होते. डोळे नीट उघडले तेव्हा समोर खुर्चीवर ती बसली होती आणि माझी मुलगी तिच्या छातीशी होती... दीड दिवसाची झालेली. "बघ गं, कशी टकामका बघतेय," ती म्हणाली. मी हात पुढं केले, तर म्हणाली, "थांब, आत्ताच झोप लागलीय तिला." आमच्या दोघींचा जीव तिच्यामुळं वाचला, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्या क्षणी, पोटावर टाके आणि दोन्ही हात रिकामे असताना, मला तिचे उपकार दिसले नाहीत. तिच्या छातीशी असलेली माझी मुलगी दिसली.

मग नाव. मला सुजाता ठेवायचं होतं. गरोदरपणात मी पोटावर हात ठेवून त्याच नावानं बोलायचे. पण कानात नाव सांगायचा मान आत्याचा. शालिनीताईंनी पाळण्यात वाकून काय सांगितलं, ते बाहेर आलं तेव्हा 'पल्लवी' होतं. बायकांनी रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीवर धपाधप हात मारले, सगळे हसले, मीही हसले. आजपर्यंत मुलीला हाक मारताना मी शालिनीताईंनी दिलेल्या नावानंच मारत आले आहे. पुढं सुट्टी लागली की पल्लवीची पिशवी भरलेली, "कडावला जाते." पहिल्यांदा पाळी आली तीही तिथंच. मला कळलं चार दिवसांनी, घरी परत आल्यावर, आणि तेही सहज, "आत्यानं सगळं सांगितलं मला," असं. शाळेत मी तीस-चाळीस मुलींना समोर बसवून हेच समजावून सांगायचे. स्वतःच्या मुलीला सांगायचं राहिलं ते राहिलंच.

तर अशी ही पल्लवी मागच्या वर्षी सातव्या महिन्यात पुण्याहून कर्जतला आली. पहिलं बाळंतपण माहेरी. जावई निखिल समजूतदार, शनिवार-रविवारी येऊन-जाऊन राहायचा. आल्या आल्या तिनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला. त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: बाळंतपण नैसर्गिक व्हावं. गरज नसताना वेणा वाढवायचं इंजेक्शन नको. हिंडू-फिरू द्यावं. बाळ झाल्याबरोबर छातीवर द्यावं. सोबत घरचं एक माणूस असावं. मी तो दोनदा वाचला आणि घडी करून तिच्या हातात परत दिला. माझा विश्वास सिझरवर. त्या दिवशी ते झालं नसतं तर आज ना मी असते, ना कागद लिहिणारी ही. मी म्हटलं, "पनवेलला मोठं हॉस्पिटल आहे. तारीख घेऊ, ठरवून सिझर करू. उगाच जिवाशी खेळ नको."

"आई, मला बीपी नाही. बाळ नीट आहे. डॉक्टर म्हणतात काही अडचण नाही."

"मलाही सातव्यापर्यंत नव्हतं."

"तू घाबरतेस म्हणून मी पण घाबरायचं का?" ती म्हणाली, आणि लगेच पुढचं वाक्य आलं, "मी आत्याला बोलावलंय राहायला."

विचारलंसुद्धा नव्हतं. चौथ्या दिवशी शालिनीताई रिक्षातून उतरल्या. सत्तरी जवळ आली होती, जिन्याच्या अर्ध्यावर थांबून दम घ्यायला लागल्या होत्या, पण आवाज तोच. त्यांचं अंथरूण पल्लवीच्या खोलीत पडलं. मी केलेले डिंकाचे लाडू डब्यात तसेच, आणि शालिनीताईंनी केलेली नाचणीची आंबील मात्र वाटी चाटून संपायची. सकाळी दोघी नदीच्या बाजूला फिरायला जायच्या. संध्याकाळी दार लोटून घ्यायच्या, आत काहीतरी व्यायाम चालायचे, श्वास मोजणं चालायचं, आणि मध्येच हसण्याचा आवाज यायचा. मी बाहेर वह्या तपासत बसायचे. एकदा न राहवून चहाचं निमित्त करून आत गेले तर पल्लवी भिंतीला टेकून उकिडवी बसलेली आणि शालिनीताई समोर तशाच. मला बघून दोघी गप्प झाल्या.   चहा ठेवून आले.

एक मात्र मान्य करायला हवं. कर्जतच्या लेडी डॉक्टरकडे आम्ही तिघी गेलो तेव्हा डॉक्टरबाई कागद वाचून म्हणाल्या, "हे सगळं मला चालेल. पण बाळाचे ठोके बिघडले तर तुमचा कागद बाजूला. मग मी सांगेन ते." माझ्या आधी शालिनीताईच म्हणाल्या, "मॅडम, तेव्हा तुम्ही आम्हाला विचारूसुद्धा नका." मला हायसं वाटायला हवं होतं. पण मला आठवलं, की अगदी हेच मी गेला महिनाभर बोलत होते. माझ्या तोंडून आलं की ती भीती, आणि तिच्या तोंडून आलं की तो अनुभव.

त्या दिवसांत मी बुद्धविहारात जास्त जायला लागले. संध्याकाळी, कुणी नसताना. मेणबत्ती लावायची, त्रिशरण म्हणायचं, डोळे मिटून बसायचं. आपल्या धम्मात मागायचं नसतं हे मला माहीत आहे, मी स्वतः मुलांना तसंच सांगते. तरी मी मागितलं. पहिल्या दिवशी मागितलं, पल्लवी सुखरूप सुटू दे. दुसऱ्या दिवशीही तेच. आणि मग एका संध्याकाळी, घरातून त्या दोघींचं हसणं ऐकूनच निघाले होते, मी मागितलं की... सिझर होऊ दे. दोघी सुखरूप राहू देत, पण सिझर होऊ दे. म्हणजे पल्लवी एकदा तरी म्हणेल, 'आई, तुझं बरोबर होतं.' आपल्या मुलीच्या पोटावर सुरी चालावी असं मागणारी आई मी. मेणबत्ती विझेपर्यंत मला उठवेना. घरी आले तर शालिनीताई दारातच होत्या. म्हणाल्या, "किती काळजी करतीस गं. वाळून गेलीस." मी मान खाली घालून आत गेले.

दिवस भरले आणि एका पहाटे कळा सुरू झाल्या. आठच्या सुमाराला दवाखान्यात पोचलो. नर्सनं विचारलं, आत सोबत कोण येणार? पल्लवीनं माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग म्हणाली, "आत्या." त्या दोघी आत गेल्या आणि झुलतं दार माझ्या तोंडासमोर मागं-पुढं होत थांबलं.

बाहेर एक लोखंडी बाक होता. पल्लवीचे बाबा आणि पुण्याहून धावत आलेला निखिल खाली-वर करत होते, मी बाकावरून हलले नाही. दहा वाजले, बारा वाजले. आतून पल्लवीचा आवाज यायचा, मग शालिनीताईंचा खालच्या पट्टीतला, "हां... सोड श्वास... हां..." एक वाजून गेला आणि दार उघडून शालिनीताई बाहेर आल्या. चेहरा ओढलेला, केस विस्कटलेले. माझ्या शेजारी बाकावर धपकन बसल्या आणि म्हणाल्या, "सुनंदा, तू जा आत. माझी कंबर धरलीय."

"अहो पण तिनं तुम्हाला..."

"जा म्हणते ना. तिथं उभं राहवत नाय मला."

मी आत गेले. पल्लवी कॉटची कड धरून उभी होती, घामानं निथळत. मला बघून तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा वाकडा झाला. "आई, मला नाही जमत गं. आत्याला नको सांगूस. डॉक्टरना सांग, सिझर करा म्हणावं. तू सांग ना आई..."

इतके दिवस मी जे मागत होते ते माझी मुलगी माझा हात धरून मला देत होती. डॉक्टरबाई बाजूलाच होत्या. त्यांनी यंत्र लावून बाळाचे ठोके ऐकवले, धावत्या घोड्यासारखे, एकसारखे. म्हणाल्या, "ठोके उत्तम आहेत. थोडंच राहिलंय, तास-दीड तास. थिएटर तयार ठेवलंय मी. पण तिला खरंच नको असेल तर आपण सिझर करू. तुम्ही दोघी ठरवा." मी पल्लवीकडे पाहिलं. एक शब्द बोलायचा होता. हो म्हटलं असतं तर कुणी मला नाव ठेवलं नसतं, उलट आईची माया म्हणाले असते. आणि मला तो कागद आठवला. तिचं ते सुवाच्य अक्षर, प्रत्येक ओळीखाली पट्टीनं मारलेली रेघ. ते अक्षर मी वळवलं होतं. भिवपुरीच्या क्वार्टरमध्ये, पाटीवर, तिचा हात हातात धरून. मी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हटलं, "बाळ ठीक आहे ना? मग अजून एक कळ. पुढचीचा विचार नको करूस. हीच फक्त. हां... सोड श्वास." हे शब्द माझे नव्हते. सकाळपासून दाराआडून ऐकत होते तेच होते. पण तिनं श्वास सोडला. मग अजून एक कळ. मग अजून एक. माझ्या दंडावर तिच्या नखांचे वण आठवडाभर होते. अडीच वाजून गेल्यावर माझी नात झाली आणि कागदात लिहिल्याप्रमाणे आधी आईच्या छातीवर गेली, ओली, किरकिरत. मी तिथं होते. मी पाहिलं.

आणि तरी सांगते, माझा हेवा गेला नाही. उलट त्याला नवी पालवी फुटली. घरी भेटायला येणारी प्रत्येक बाई म्हणायची, "सिस्टर होत्या म्हणून नॉर्मल झाली हो!" शालिनीताई सांगायच्या, "मी कुठं, मी भायेर बाकावर बसून वडापाव खात होते. ही होती आत." तर बायका म्हणायच्या, बघा, किती मोठं मन! म्हणजे माझ्या वाट्याचं श्रेयसुद्धा तिनं दिलं म्हणून मला मिळायचं. बाराव्या दिवशी ती कडावला परत गेली तेव्हा पल्लवी रडली. मला सुटल्यासारखं वाटलं.

आमची शेवटची निवांत भेट त्यानंतर सहा महिन्यांनी, कडावला. भात कापून झालं होतं. शालिनीताई ओट्यावर बसून पावटे सोलत होत्या, मीही सोलायला बसले. एक प्रश्न माझ्या डोक्यात कधीचा घोळत होता, तो विचारला. "त्या दिवशी तुम्ही बाहेर का आलात? खरंच कंबर धरली होती?"

त्यांनी हातातली शेंग सोलून दाणे सुपात टाकले. मग म्हणाल्या, "कसली कंबर. मला राग आला होता."

"कशाचा?"

"सकाळपासनं मी तिचा हात धरून उभी. पाठ चोळतेय, पाणी पाजतेय. आन कळ आली की ती काय म्हणते? आई गं! दर खेपेला आई गं, आई गं..." त्या हसल्या, पण डोळे पावट्यांवरच होते. "इतक्या बायांची बाळंतपणं केली मी, सुनंदा. 'आत्या गं' म्हणणारी एक नाय भेटली. मला वाटलं होतं, ही म्हणंल. ही माझी हाय. नाय म्हणाली. मग म्हटलं, जिला बोलावतेय तिला पाठवावं."

 त्या वेळी बोलायची माझी पाळी होती. विहारातली ती संध्याकाळ सांगून टाकायची, एवढी जागा तिनं करून दिली होती. मी म्हटलं, "अहो, कळ आली की सगळ्याच म्हणतात आई गं." आणि मनात, खरं सांगते, गार वाटलं मला. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे नसलेलं काहीतरी माझ्याकडे होतं आणि ते तिला हवं होतं. ते गार वाटणं चांगलं दोन-तीन दिवस टिकलं. निघताना तिनं सोललेले पावटे सगळे माझ्याच पिशवीत घातले. मग महिन्याच्या आत तो फोन आला.

मागच्या रविवारी तिचं घर आवरायला आम्ही गेलो होतो. पल्लवीनं आत्याचं घड्याळ घेतलं, सेकंद काट्याचं, नाडी मोजायचं. तिच्या बाबांनी नोकरीतला एक जुना फोटो घेतला. मला विचारलं तर मी म्हटलं, मला काही नको. भांडी शेजारणीला दिली, दार ओढून घेतलं आणि कर्जतला परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पल्लवी पुण्याला जायला निघाली होती. थंडी चांगली पडली होती. नातीला टोपडं बांधून ती माझ्याकडे देत होती. मी नुकतीच भांडी विसळून आले होते, हात गार पडले होते. मी पदराला हात पुसले, तळवे एकमेकांवर खसाखसा घासले, गालाला लावून बघितले, अजून गारच वाटले म्हणून पुन्हा घासले, आणि मग हात पुढं केले. पल्लवी बाळ तसंच धरून माझ्याकडे बघत उभी राहिली. शालिनीताई कुठल्याही बाईच्या पोटाला हात लावण्याआधी अगदी असंच करायच्या. घासायच्या, गालाला लावायच्या, पुन्हा घासायच्या. वाड्यांवरच्या बायका म्हणायच्या, सिस्टरचा हात थंडीतबी ऊन असतो.

"आई," पल्लवी म्हणाली, "आत्या असंच करायची."

"मी पहिल्यापासून करते," मी म्हटलं. साफ खोटं.

 तिनं बाळ माझ्या हातांवर ठेवलं, आणि ते दचकलं नाही.